कोरं फडकं

"दाजी, गाडी बाजूला घ्या," माझा मेहुणा अण्णाप्पा मागच्या सीटवरून म्हणाला. "पेट्रोलचा वास मारतोय. डोकं भणाणलं माझं."

तवंदीचा घाट अर्धा चढून झाला होता. डाव्या अंगाला थोडी जागा दिसली तिथं मी गाडी घेतली. अण्णाप्पा खाली उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावला. आमच्या गाडीचा हँडब्रेक धरत नव्हता, त्यामुळं चढावर थांबलं की दगड लावायचा हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

हौसा, माझी बायको, माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर टॉवेल, डोक्याला स्कार्फ. समोर डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढं उदबत्तीच्या बारक्या घरात उदबत्ती जळत होती. निपाणी सोडायच्या आधी ती उदबत्ती लावायची आणि मगच मी गाडीला चावी द्यायची, असं दर सोमवारचं ठरलेलं होतं. अण्णाप्पानं खिडकीतून हात आत घालून उदबत्ती चिमटीत विझवली आणि बाहेर टाकून दिली.

"आक्का, पेट्रोलचा वास सुटलाय आणि तू उदबत्ती लावतीस व्हय?"

मी हौसाकडं बघितलं. वासाच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. ती जरा वेळ दरीकडं बघत बसली. मग म्हणाली, "व्हय, येतोय की. मागल्या खेपेपासनं येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या मागं काय कमी हाय," ती म्हणाली.

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर कोरडा होता, पाइप कोरडा होता. जिथं जिथं हात पोचला तिथं बोट फिरवून बघितलं. अण्णाप्पानं डिकी उघडून बघितली. आत जादाचं चाक, गोणपाट आणि पाण्याचा कॅन होता. कुठंच काही ओलं नव्हतं. अण्णाप्पा म्हणाला, वास सगळीकडं आहे, अमुक ठिकाणाहून येतो असं सांगता येत नाही. शेवटी चारी काचा खाली करून आम्ही बेळगावला गेलो. वाऱ्यानं हौसाला हुडहुडी भरली, तिनं टॉवेल अंगाभोवती लपेटून घेतला.

मला वास येत नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. तंबाखूच्या वखारीत मी पोरगा असल्यापासून आहे. आधी चाळणीवर होतो, मग मुकादम झालो, मग दिवाणजी. चाळणीवर जर्दा चाळताना धुरळा असा उडतो की समोरचा माणूस दिसत नाही. पहिली काही वर्षं शिंका येतात, मग शिंका थांबतात. शिंका थांबल्या की माणसाला वाटतं, आता सवय झाली. खरं तर नाक गेलेलं असतं. माझं लग्न झालं तेव्हा ते गेलेलंच होतं.

त्यामुळं आमच्या घरात नाक एकच होतं, हौसाचं. दूध नासलं, भात खाली लागला, गॅस चालू राहिला, पाहुणा पिऊन आला, हे सगळं तीच मला सांगायची. एकदा शेजारच्या घरातला सिलिंडर गळत होता, तर हिनं आपल्या अंगणातून ओळखलं आणि जाऊन त्यांचं दार वाजवलं. मला म्हणायची, "तुम्हाला देवानं नाक दिलंय ते चष्मा टेकवायला." संध्याकाळी मी वखारीतून घरी आलो की ती चुलीपुढं पाठमोरी बसलेली असायची. मी चप्पल काढायच्या आत, मागं न बघता, "आलात?" म्हणायची. आणि मोरीत पाणी काढून ठेवलेलं असायचं. अंघोळ केल्याशिवाय मला सैपाकघरात पाऊल टाकता यायचं नाही.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा आमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बेळगावच्या दवाखान्यात दर सोमवारी सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. दर आठवड्याला दुसऱ्याची गाडी मागायची तर कुणाची मागणार? वखारीच्या शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी गाडी मला दिली होती. ती तोपर्यंत निपाणीच्या बाहेर फारशी गेली नव्हती. बाजार, देऊळ, लग्नं, एवढंच. आता तिच्यावरच हौसाचं औषध अवलंबून होतं, आणि तिच्यात कुठंतरी पेट्रोल गळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मलगोंडा मिस्त्रीकडं नेली. मलगोंडाची शेड हायवेला लागून होती. तो वयानं माझ्याएवढाच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "वास कुठनं येतोय?"

मी म्हणालो, ते तूच सांगायचं.

तो हसायला लागला. "दिवाणजी, तुमचं नाक तंबाखूत गेलं, माझं पेट्रोलात. सकाळी हात धुतो पेट्रोलानं, संध्याकाळी हात धुतो पेट्रोलानं. आमची बायको मला बारा महिने अंगणात जेवाय वाढती. आता आपण दोघं मिळून वास हुडकणार म्हणजे झालंच."

घरी जाऊन सांगितलं तेव्हा हौसा म्हणाली, मी येते. मी नको म्हणत होतो, पण ती शाल घेऊन गाडीत बसली सुद्धा. मलगोंडानं तिच्यासाठी खुर्ची मांडली. मग त्यानं आपली पद्धत सांगितली. एक जुनं धोतर धुऊन वाळवून ठेवलं होतं, त्याच्या त्यानं पट्ट्या फाडल्या. एक पट्टी कार्बोरेटरला, एक पंपाला, एक पाइपच्या जोडाला, एक टाकीवरच्या झाकणीला अशा बांधल्या. हायवेवरून एक चक्कर मारून आलो. मग त्या पट्ट्या सोडून, कुठली कुठली ते लक्षात ठेवून, एका सुपात घालून त्यानं हौसापुढं धरल्या.

माझी खात्री होती की कार्बोरेटरच असणार. जुन्या गाडीत पेट्रोल गळलं की सगळे आधी तेच म्हणतात. हौसानं एकेक पट्टी नाकाला लावली. कार्बोरेटरची पट्टी आली तसा मी पुढं वाकलो.

"ही," हौसा म्हणाली. "हिलाच येतोय."

मलगोंडानं गॅसकेट बदललं, आतली सुई बदलली. हौसा खूश होती. घरी येताना म्हणाली, आता तुम्ही दोघं गडी मोठे मिस्त्री, आणि वास शेवटी कुणी काढला?

पुढचा सोमवार आला. अण्णाप्पा गावी गेला होता, आम्ही दोघंच होतो. हौसानं उदबत्ती लावली. मी विचारलं, वास? ती म्हणाली, "गेला. मलगोंडाला सांगा, हात चांगला हाय त्याचा." पंपावर मी टाकी भरून घेतली आणि घाट चढलो.

दवाखान्याच्या फाटकात वॉचमन गाडीजवळ आला. खिडकीशी वाकला आणि एकदम मागं सरला.

"ओ मामा, गाडी बाहेर घ्या आधी. पेट्रोल गळालंय तुमचं. आत ऑक्सिजनच्या गाड्या हायत."

समोर गणपतीपुढं हौसानं वाटेत लावलेली दुसरी उदबत्ती संपत आली होती. टोकाला अजून लाल होतं. मी हातानंच ती दाबून विझवली. बोट भाजलं ते मला नंतर कळलं. निपाणीपासून इथपर्यंत आम्ही पेट्रोलच्या वाफेत विस्तव घेऊन आलो होतो.

मी हौसाला विचारलं. ती म्हणाली, "उनाचं आत्ता येत असंल. घाटात नव्हता." बोलताना ती टॉवेलची घडी नीट करत होती. मला ते पटलंही. तिच्या नाकावर शंका घ्यायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पायाखाली जमीन आहे का, हे कुणी रोज बघत नाही, तसंच ते होतं.

मलगोंडानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, परत पट्ट्या बांधू. वैनींना घेऊन या.

यावेळी तो हसत नव्हता. पट्ट्या बांधल्या, चक्कर मारली, पट्ट्या सुपात घातल्या. हौसानं एक उचलली, हुंगली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ती पट्ट्यांकडं बघतच नव्हती. ती मलगोंडाच्या तोंडाकडं बघत होती. सुपातल्या एका पट्टीशी तिचा हात गेला तसा मलगोंडाचा श्वास जरा थांबला. तेवढंच.

"ही बघा," ती म्हणाली. "हिला येतोय."

"बरं वैनी," मलगोंडा म्हणाला. त्यानं तिच्यासाठी चहा मागवला आणि मला गाडीच्या मागं घेऊन गेला.

"दिवाणजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते फडकं मी गाडीला बांधलंच नव्हतं."

मला कळेना.

"बायकोच्या ट्रंकेतलं हाय. सकाळी कागदात गुंडाळून आणलंय. कोरं हाय. मला मागल्या खेपेलाच वाटलं, वैनी तुमच्याकडं बघून सांगत्यात." त्यानं हात फडक्याला पुसले. "त्यांना वास येत न्हाई. कुठलाच येत न्हाई."

पुढं शेडमध्ये हौसा चहा पीत बसली होती. दोन्ही हातांनी कप धरून. मी तिच्याकडं बघत राहिलो आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. महिन्यापूर्वी दूध करपून पातेलं काळं झालं होतं. शेजारच्या बाईनं भिंतीवरून हाक मारली तेव्हा कळलं. हौसा म्हणाली, डोळा लागला होता. अलीकडं मी घरी आलो की ती दचकायची. मी मागून आलो की अंगावर काटा यायचा तिला. "आलात?" म्हणणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. औषधानं अशक्त झाली आहे, असंच मला वाटत होतं. आणि त्या उदबत्त्या. वास येत असता तर हौसानं गाडीत काडी ओढली नसती.

"तिला बोलू नकोस," मी मलगोंडाला म्हणालो.

"मी काय बोलणार," तो म्हणाला. तो पुढं गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "वैनी, बरोबर ओळखलंसा. टाकीकडंच काहीतरी हाय. आता हुडकतो."

हौसा हसली. बारीक झालेल्या तोंडावर तिचे दात मोठे दिसायचे.

आता वास घेणारं कुणीच नव्हतं; अण्णाप्पा अजून गावीच होता, आणि दुसऱ्या कुणाला हुंगायला बोलावलं तर हौसाला कळलं असतं. वासाशिवाय गळती शोधायची होती आणि सोमवार जवळ येत होता. वखारीत मला युक्ती सुचली. नवी काही नव्हती, आम्ही ती वर्षानुवर्षं करत आलो आहोत. पत्र्यातून एखादा थेंब तंबाखूच्या थप्पीवर पडला तर सगळी थप्पी बुरसटते. पण पाऊस थांबला की तास-दोन तासांत ओल वाळते आणि कुठला पत्रा गळतो ते कळत नाही. म्हणून आम्ही जमिनीवर चाळलेली राख पसरतो. थेंब पडला की राखेत खड्डा पडतो. पाणी वाळलं तरी खड्डा राहतो. पेट्रोल तर पाण्याच्या आधी उडून जातं, पण राखेत त्याचा खड्डा राहिलाच पाहिजे.

घरच्या बंबातली राख घेतली, वखारीतल्या बारीक चाळणीनं चाळली. मलगोंडानं डिकीतलं सगळं बाहेर काढलं. डिकीत, मागच्या सीटखाली आणि बॉनेटखाली पत्रा ठेवून त्यावर आम्ही राख पसरली. तो म्हणाला, कुणी बघितलं तर म्हणतील दिवाणजींनी गाडीला विभूती लावली. मग आम्ही दोघं घाट चढून आलो. राख जशीच्या तशी होती. एक ठिपका सुद्धा नाही.

मलगोंडा शिव्या देत दगडावर बसला. मी गाडीकडं बघत उभा राहिलो. सोमवारी आणि आज, दोन्ही वेळा गाडी तीच आणि घाट तोच होता. मग माझ्या ध्यानात आलं की सोमवारी बेळगावला जाऊन परत यायचं असतं म्हणून मी टाकी तोंडापर्यंत भरतो. आज अर्धीच होती. गावातल्या गावात फिरताना ती टाकी कधी गच्च भरलेलीच नव्हती.

पंपावर जाऊन टाकी भरली. परत घाट चढलो. वरच्या वळणावर थांबून, चाकाला दगड लावून डिकी उघडली.

डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, पेट्रोल भरायची नळी टाकीला जिथं जोडली होती त्याच्या खाली, राखेत बारीक बारीक खड्डे होते. जोंधळ्याचे दाणे टाकल्यासारखे. आम्ही बघत होतो तोवर अजून एक पडला. मलगोंडानं हात घालून जोडाचं रबर चाचपलं. मागच्या अंगानं, जिथं डोळा पोचत नाही, तिथं ते चिरलं होतं. त्याच्या बोटानं त्याचा तुकडाच पडला. चढावर टाकी मागं कलायची, पेट्रोल जोडापर्यंत यायचं, थेंबथेंब गळायचं आणि उडून जायचं. वाफ मागच्या सीटमधून आत यायची. बेळगावला जायला लागल्यापासूनच हे सुरू झालं होतं. आम्ही औषधाला निघालो नसतो तर ते रबर अजून दहा वर्षं तसंच राहिलं असतं.

रबर बदललं. जुन्या रबराचे तुकडे मी फडक्यात गुंडाळून घरी आणले. हौसा पलंगावर पडली होती. मी ते तिच्या हातात दिलं आणि विचारायच्या आधीच हो अशी मान हलवली.

"बघ बरं, हेच काय ते?"

तिनं नाकाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"व्हय," म्हणाली. "ह्योच वास."

"मग सापडलं," मी म्हणालो. "तू टाकीकडं बोट दाखवलंस म्हणून सापडलं."

शेजारची बाई आली तेव्हा हौसानं तिला सगळी हकिगत सांगितली. दोन गड्यांना नाक नाही, मग मलाच जावं लागलं, असं सांगितलं. मी मोरीत उभा राहून ऐकत होतो.

सोमवारी गाडीत वास नव्हता. म्हणजे वॉचमननं वाकून बघितलं आणि हात केला, जा म्हणून. हौसाला सलाईन लावल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. जाताना दोनदा मागं फिरलो. न सांगता राहिलो असतो तर तिचं घरातलं स्थान तसंच राहिलं असतं. पण मला भीती वाटत होती, आणि ती एकट्यानं बाळगायची ताकद माझ्यात नव्हती. मी विचारलं, ह्या औषधानं वास जातो का?

डॉक्टर म्हणाले, जातो कधी कधी. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, माहीत नाही, तिनं सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मी त्यांना दर वेळी विचारतो, तोंडाला चव आहे का, वास येतो का. त्या दर वेळी हो म्हणतात. मग त्यांनी, डोकं दुखतं का, हेही विचारलं. मला तेही माहीत नव्हतं. ते म्हणाले, औषधानंच झालं असेल, पण एकदा डोक्याचा फोटो काढून घेऊ.

फोटो त्याच दिवशी काढला. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. पोटातलं डोक्यात गेलं होतं, कपाळाच्या मागं. डॉक्टर बराच वेळ बोलले, चांगला माणूस होता. त्या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की आता तिला दर सोमवारी आणायची गरज नाही. गोळ्या देतो, घरी ठेवा, खायला मागेल ते द्या.

हौसाला मी सांगितलं की सलाईन संपली, आता गोळ्यांवर भागेल. ती बरं म्हणाली.

परत येताना घाट उतारावर लागतो. त्याच वळणाजवळ आल्यावर ती म्हणाली, जरा थांबवा, मळमळतंय. मी गाडी कडेला घेतली. खाली उतरून पुढच्या चाकाला दगड लावला आणि तिचं दार उघडलं. तिनं वांती केली नाही. पाय बाहेर सोडून नुसती बसून राहिली. खाली निपाणीची घरं दिसत होती.

"तुम्ही सांगितलं न्हवं डॉक्टरला?" तिनं विचारलं.

मी चाकाखालचा दगड पायानं आणखी आत सरकवला.

"ते फडकं कोरं होतं," ती म्हणाली. "मलगोंडाच्या तोंडावरनंच कळलं मला. पण तवर हात घालून झाला होता. मग काय करायचं."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं होतं?"

"वास येत नाही म्हणून."

"आणि मग?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दूध उतू गेलं की शेजारीण सांगणार. गॅस राहिला की शेजारीण सांगणार. घरात एक तरी नाक नको व्हय? तुम्ही तर सगळं माझ्यावर टाकून मोकळे. मी नुसती व्हय म्हणायची, तेवढ्यानं तुम्हाला झोप लागायची."

खालून एक ट्रक चढत आला. तो वर निघून गेला.

मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"दिवाळीच्या आधी." ती टॉवेलची घडी उलगडून परत घालायला लागली. "तुमच्या अंगाला तंबाखूचा वास येतो, तुम्हाला म्हाईत हाय?"

"तू सांगायचीस म्हणून माहीत आहे."

"कोपऱ्यावरनं वळलात की यायचा. लगीन होऊन आले तवा वाटलं, ह्या वासात कसं दिवस काढायचं. रात्रीचं तोंड फिरवून झोपायची मी. मग कधी तो गोड लागाय लागला ते कळलं न्हाई." तिनं घडी मांडीवर ठेवली. "एक दिवस मी चुलीपुढं होते. मागं कोण तरी उभं असल्यागत वाटलं. बघते तर तुम्ही. चप्पल काढून आत आला होता आणि मला कळलंच न्हवतं. आधी वाटलं, तुम्ही आज वखारीत गेला न्हाई. मग तुमचा सदरा घेतला आणि तोंडाला लावला. काय न्हाई. पाण्यात धरल्यागत."

मी तिच्या पायाशी रस्त्यावर बसलो होतो.

"तवाच वाटलं," ती म्हणाली, "आता घरात कोण आलं आणि कोण गेलं, मला कळायचं न्हाई."

मग तिनं पाय आत घेतले. म्हणाली, चला, दगड काढा, उशीर होतोय. मी दगड काढला. गाडी सुरू करताना तिनं गणपतीपुढं बघितलं आणि विचारलं, आता उदबत्ती लावली तर चालंल का. मी म्हणालो, चालेल. तिनं लावली. ती जळत होती तोवर आम्ही दोघं तिच्या धुराकडं बघत खाली आलो. वास दोघांनाही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत थोडाच वेळ जाऊन आलो. दारात आलो आणि तिथंच थांबून खोकलो.

आतून तिचा आवाज आला. "आलात?"

"आलो," मी म्हणालो.

तेव्हापासून तसंच चाललं. मी दारात खोकायचो आणि ती "आलात?" म्हणायची. शेवटी तिला उठता येईना, बोलणंही तुटक झालं, तरी खोकल्यावर ती मान तेवढी वळवायची. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. त्या दिवशी मी घरातच होतो, तिच्या पलंगाशी. खोकायची गरज पडली नाही.

गाडी मी मलगोंडाला देऊन टाकली. त्यानं ती घेतली, पण विकली नाही, शेडच्या मागं उभी आहे. आता तोही थकलाय. मी अजून वखारीत जातो, काम फारसं नसतं. संध्याकाळी घरी येतो, चप्पल काढतो आणि दारात खोकतो. शेजारी नवीन सून आली आहे, मनानं चांगली आहे. काल भिंतीवरून म्हणाली, मामा, रोज ह्याच वेळेला खोकताय, औषध आणू का खोकल्याचं?

मी म्हणालो, नको.